दोन विळे, दोन गाठी

दारव्ह्याच्या जीप स्टँडवर जाऊन हरिसिंग आडे कुठे भेटतील असं विचारलंत, तर चहावाला आधी तुमच्या तोंडाकडे बघत राहील. चौऱ्याऐंशीवाले कुठे आहेत म्हणा, हातातली किटली खाली न ठेवता तो बोट दाखवेल. एकवीस वर्षं दारव्हा ते नेर रस्त्यावर सवारी जीप चालवलेला हा माणूस. गाडीचा नंबर चौऱ्याऐंशी अठ्ठेचाळीस. त्या नंबरानं त्याचं नाव कधी गिळलं ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. मुलीच्या, संगीताच्या लग्नाच्या पत्रिकेवर प्रेसवाल्यानं त्याच्या नावापुढे कंसात ८४४८ छापलं होतं. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर निम्म्या लोकांना लग्न कोणाकडचं तेच कळलं नसतं.

पसंतीचा नंबर म्हटलं की लोकांना पुढारी आठवतात. पांढरी मोठी गाडी, काळ्या काचा, चारही आकडे एकसारखे. हरिसिंगच्या नंबराची गोष्ट तशी नाही, आणि जे लोक त्याला तसं हसले त्यांना हसू द्या, त्यांचं काय जातं.

जीप घेतली तेव्हा तो चाळिशीचा होता. कागद करण्यासाठी यवतमाळला गेला, तर बसंतीबाई बरोबर आली, बांगड्या भरायच्या होत्या म्हणून. आरटीओ ऑफिसच्या बाहेर झाडाखाली एक म्हातारा एजंट बसायचा. त्यानं पाकिटाच्या मागच्या बाजूला सहा नंबर मराठीत लिहून पुढे केले आणि म्हणाला, यातला कोणता पाहिजे तो सांगा, उरलेले दुसऱ्याले देतो. हरिसिंगला काही सुचेना. सहाही नंबर त्याला सारखेच. बसंतीबाई खाली वाकली, एकेका आकड्यावरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हा."

"काहून? याच्यात काय हाय?"

"मले आवडला."

तिला वाचता येत नव्हतं. त्यांच्या मोहा तांड्यात, बंजाऱ्यांच्या वस्तीत, तिच्या वयाच्या एकाही बाईला येत नव्हतं. हरिसिंगनं हसून तोच नंबर घेतला आणि पुढली एकवीस वर्षं स्टँडवर सांगत राहिला की माझ्या बायकोनं बांगड्या निवडाव्या तसा नंबर निवडला. ती समोर असली तरी सांगायचा. ती पदर तोंडाला लावून हसायची आणि काही बोलायची नाही.

दारव्ह्याच्या पेंटरनं पिवळ्या पाटीवर जाड काळ्या रंगात मराठी आकडे काढून दिले. आकडे इंग्रजीतच पाहिजेत असा कायदा तेव्हाही होता, पण तेव्हा कोण बघत होतं. गाडी तांड्यात आली त्या संध्याकाळी बसंतीबाईनं ओल्या रंगावरून बोट फिरवलं. शेवटच्या आठच्या शेपटीला फराटा उमटला, तो कायमचा. तिनं आकड्यांना आपली नावं दिली. आठ म्हणजे विळा, चार म्हणजे गाठ. विळा, गाठ, गाठ, विळा. दोन्ही काठांना विळे आणि मधात दोन गाठी, असं तिचं वाचन. जन्मात तिनं तेवढंच वाचलं, पण ते बिनचूक.

त्याच हिवाळ्यात तिनं लाल कापडाच्या हातभर पट्टीवर पिवळ्या दोऱ्यानं तेच चार आकडे भरले. कडेनं कवड्या, मधे आरसे. आईकडून आलेलं भरतकाम तिच्या हातात होतंच, फक्त आकडे पहिल्यांदा काढले. ती पट्टी गाडीच्या पुढच्या काचेला वर्षानुवर्षं लटकत होती. दोन वर्षांपूर्वी पासिंगच्या वेळी साहेबानं पाटीकडे कानाडोळा केला, पण काचेपुढचं सगळं काढायला लावलं, तेव्हा हरिसिंगनं ती धुऊन घडी करून ट्रंकेत ठेवली आणि विसरून गेला.

विसरायला तोवर घरात दुसरंच काही सुरू झालं होतं.

आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग बसंतीबाई एकदा शेजारच्या मानीबाईला, म्हणजे सख्ख्या जावेला, तुमी कोणत्या तांड्याच्या असं विचारून बसली. मानीबाई दिवसभर रडली. यवतमाळच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले, आणि हरिसिंगला एकट्याला आत बोलावून सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही. जे रोजचं आहे ते रोज तसंच ठेवा, त्यावरच ती चालेल. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप बरी लागायची, बाकी काही नाही.

त्यांच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. बसंतीबाईनंही कधी घेतलं नव्हतं. म्हणून ते नाव ती कोणत्या दिवशी विसरली हे कोणालाच कळलं नाही, हरिसिंगलाही नाही.

एक गोष्ट मात्र तिच्यात शाबूत राहिली. संध्याकाळचे पाच वाजत आले की ती फाट्यावर जाऊन रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, कठड्यावर बसायची. मुख्य रस्त्यापासून तांडा अर्ध्या किलोमीटरवर. हरिसिंग शेवटची सवारी नेरला सोडून परत यायचा, वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा आणि रपट्यापाशी गाडी उभी करायचा. ती उठायची, आधी पाटीपाशी जायची, वाकून बोट फिरवायची. विळा, गाठ, गाठ, विळा. मग त्याच्या शेजारच्या सीटवर येऊन बसायची आणि म्हणायची, "उशीर केला आज."

उशीर असो नसो, हेच वाक्य. आणि हरिसिंगला त्या वाक्यासारखं दुसरं काही गोड लागत नसे. घरी पोहोचल्यावर ती त्याला ओळखेलच असं नव्हतं. कधी ताट वाढून द्यायची आणि ओसरीच्या टोकाला जाऊन बसायची, पाहुण्यापुढे बसावं तशी. पण फाटा ते तांडा, तेवढा अर्धा किलोमीटर तो तिचा माणूस असायचा. तेवढ्यासाठी तो दिवसभर गाडी चालवायचा असं म्हटलं तरी चालेल. तो अर्धा किलोमीटर तो दुसऱ्या गिअरमध्येच काढायचा.

एकदा काय झालं, गाडीचा क्लच गेला. जीप गॅरेजला, आणि हरिसिंग स्टँडवरच्या बळीरामची गाडी मागून घेऊन आला. वळणावर दोनदा हॉर्न दिला. बसंतीबाई उठली, पाटीपाशी गेली, बोट फिरवलं आणि परत जाऊन कठड्यावर बसली.

"चाल ना," हरिसिंग म्हणाला. "घरी जाऊ."

"तुमी जा दादा," ती म्हणाली. अगदी नीट, मानानं म्हणाली. "मी माह्या माणसाची वाट पाहून राह्यली."

दादा. चाळीस वर्षांच्या संसारानंतर दादा. शेवटी त्यानं मानीबाईला बोलावून आणलं, तिच्याबरोबर ती चालत आली. त्या दिवसापासून हरिसिंगच्या मनात पक्कं बसलं की नंबर आहे तोवर आपण आहोत.

आणि यंदा उन्हाळ्यात जीप पासिंगला नापास झाली. एकविसावं वर्ष, चेसीसला गंज, बॉडी खालून कुजलेली. साहेब माणूस चांगला होता. म्हणाला, "काका, आता हिले आराम द्या." हरिसिंगला वाटलं, हा मलेच सांगून राह्यला.

संगीता पुसदला असते, तिचा नवरा तिथं शाळेत मास्तर आहे. बापाला बा आणि आईला याडी म्हणणाऱ्या या पोरीचा लगेच फोन. "बा, बरं झालं. आता बासष्टीत कायले सवाऱ्या वाहता? गुडघे पाहा आपले. एक लहान कार घ्या घरच्यापुरती. याडीले दवाखान्यात नेता येईल, पुसदले येता येईल. एसी असते त्याच्यात."

"नंबर?"

"कारले कारचा नंबर भेटते ना. काय करता त्या नंबराचं?"

तिला सांगावं कसं हे हरिसिंगला कळेना. सांगितलं असतं तर तीच आधी रडली असती. तो म्हणाला, "पाहतो," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो यवतमाळला गेला. झाडाखालचा म्हातारा एजंट केव्हाच वारला होता. त्याच्या जागी कपिल नावाचा पोरगेला माणूस बसतो, समोर लॅपटॉप, गळ्यात गमछा. त्यानं हरिसिंगचं सगळं ऐकून घेतलं.

"होते काका. जुना नंबर नव्या गाडीवर घेता येते. अर्ज करा लागते. पण मालक तोच पाह्यजे, गाडी त्याच प्रकारची पाह्यजे, अन् जुनी भंगारात गेल्याचा कागद पाह्यजे. तुमची सवारी गाडी हाय, त नवीनही सवारीच घ्या लागन. घरच्या कारवर हा नंबर येत नाई."

"म्हणजे मले अजून सवाऱ्याच वाहा लागतीन."

"नंबर पाह्यजे असन त हो. नाईतर सोडून द्या. असे काय चार चौक्के हायत त्याच्यात? साधाच त हाय."

साधाच होता. हरिसिंगनं अर्जावर सही केली.

तांड्यातल्या लोकांनी वेड्यात काढलं. गुडघे गेलेला माणूस म्हातारपणी नऊ सीटची गाडी घेतो, आणि कशापायी, तर एका आकड्यापायी. मानीबाई तेवढी गप्प राहिली. रोज संध्याकाळी फाट्यावर काय चालतं ते तिनं पाहिलेलं होतं.

जीप भंगारात द्यायच्या दिवशी हरिसिंगनं ती पाण्यानं धुतली. यार्डातला माणूस हसला, भंगारात जाणारी गाडी कोणी धुतं का. दोन्ही पाट्याही तिथंच जमा कराव्या लागल्या, त्याशिवाय कागद मिळत नव्हता. हरिसिंगनं पुढची पाटी द्यायच्या आधी त्या फराट्यावरून अंगठा फिरवला. मग यार्डवाल्यानं कातरीनं तिचे दोन तुकडे केले आणि ढिगावर टाकले.

नवी गाडी यायला, नंबर चढायला दोन महिने लागले. ते दोन महिने कसे गेले ते विचारू नका. हरिसिंग बळीरामच्या गाडीवर बदली ड्रायव्हर म्हणून जायचा आणि संध्याकाळी एसटीनं फाट्यावर उतरायचा. बसंतीबाई कठड्यावर बसलेली असायचीच. तो जवळ गेला की ती जरा बाजूला सरकायची, जागा करून द्यायची. परक्या माणसाला देतात तशी. "बसा दादा, गाडी येईल आता."

तो बसायचा. गाड्या जायच्या. तिची नजर प्रत्येक गाडीच्या कपाळाकडे जायची आणि परत यायची. दिवस मावळायला आला की मानीबाई येऊन तिला हाताला धरून न्यायची, आणि हरिसिंग दहा पावलं मागून चालायचा, कारण जवळून चाललं तर ती घाबरायची. आपल्याच बायकोच्या मागून दहा पावलं. रोज तो मनाशी एकच म्हणायचा, नंबर येऊ दे. एकदा नंबर आला की सगळं मागच्यासारखं होते.

आणि नंबर आला. कपिलचा फोन आला तेव्हा हरिसिंग स्टँडवर होता. "काका, चढला. आठ-चार-चार-आठ. पेढे घेऊन या." हरिसिंगनं अख्ख्या स्टँडला चहा पाजला. चहावाला म्हणाला, "चौऱ्याऐंशीवाले, आता अजून वीस वर्षं नाव बदलत नाही तुमचं."

शोरूममधून पांढरी शुभ्र नवी गाडी घेऊन तो निघाला तेव्हा साडेचार झाले होते. रस्त्यात एकही सवारी घेतली नाही. दोघंतिघं हात करत राहिले, त्यानं आरशात बघितलंसुद्धा नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघाभर आलेलं होतं. काय सांगावं, बासष्ट वर्षांचा माणूस, पण लग्नानंतर पहिल्यांदा सासरी तिला आणायला निघाला होता तेव्हा छातीत जसं होत होतं तसं होत होतं. वळणावर त्यानं दोनदा हॉर्न दिला. नव्या हॉर्नचा आवाज वेगळा होता, जरा नाजूक.

बसंतीबाई उठली. पाटीपाशी गेली, वाकली. हरिसिंग खाली उतरून तिच्या शेजारी उभा राहिला.

तिनं बोट ठेवलं. पहिला आकडा, दुसरा, तिसरा, चौथा. मग पुन्हा पहिल्यापासून. तिचं कपाळ आकसलं.

"नाई," ती म्हणाली.

"नाई काय? नीट पाह्य. तोच हाय. चौऱ्याऐंशी अठ्ठेचाळीस."

"माह्या गाडीच्या गाठी मधात हायत," ती म्हणाली. "हिच्या गाठी काठावर हायत. अन् मधात हे काय हाय मले समजत नाई. ही नव्हे दादा."

हरिसिंगनं पाटीकडे बघितलं, आणि तेव्हा त्याला दिसलं. कंपनीतूनच ठोकून येते ती सरकारी पाटी, ठशाचे इंग्रजी आकडे. 8448. इंग्रजीतला आठ हुबेहूब तिच्या गाठीसारखा, तो दोन्ही काठांना बसलेला. मधात दोन चार, ते तिनं जन्मात पाहिलेले नव्हते. विळे कुठंच नव्हते. दोन महिने ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या, गुडघ्यांसकट अजून दहा वर्षं विकून टाकली, जुनी पाटी आपल्या हातानं कातरीखाली दिली, आणि हे एक ध्यानात आलं नाही. स्वतःला वाचता येत होतं ना, म्हणून आलं नाही.

ती कठड्यावर जाऊन बसली होती. पदर डोक्यावर नीट करून वळणाकडे बघत होती.

त्या संध्याकाळीही मानीबाईच तिला घेऊन गेली. हरिसिंगनं गाडी मागून रिकामी आणली. अंगणात लावली आणि कितीतरी वेळ आतच बसून राहिला. मानीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"भाऊजी, एक बोलू?" ती म्हणाली. "ते लाल कापड कुठी गेलं? काचेले राह्यचं ते?"

हरिसिंगनं तिच्याकडे बघितलं. मग तांब्या तसाच टाकून तो घरात गेला आणि ट्रंक उपसायला लागला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता वळणावर दोनदा हॉर्न झाला. नव्या गाडीच्या तोंडावर, पाटीच्या वर, लाल पट्टी दोन्ही टोकांना सुतळीनं ताणून बांधलेली. दोन कवड्या तुटल्या होत्या, बाकी सगळं जागेवर होतं. बसंतीबाई आली. वाकली. तिचं बोट पिवळ्या दोऱ्यावर टेकलं आणि हळूहळू सरकायला लागलं, आणि हरिसिंग काचेआडून तिच्या ओठांकडे बघत राहिला. विळा. गाठ. गाठ. विळा.

ती सरळ झाली. काही न बोलता वळून आली, दार उघडलं, पायरीवर पाय देऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसली. ओढून दार लावलं. हरिसिंगचे डोळे भरून आले. त्यानं चावी फिरवली.

"थांबा दादा," ती म्हणाली. "कुठी निघाले? मालक येऊ द्या ना."

चावीवरचा त्याचा हात तिथंच राहिला.

"गाडी त्याची हाय," ती समजावून सांगायला लागली, नव्या ड्रायव्हरला सांगावं तशी. "तुमी चालवत असान, पण गाडी त्याची हाय. तो येते आता. वळणावर दोनदा हॉर्न वाजवते, मंग येते."

म्हणजे गाडी ओळखली होती तिनं. नंबर ओळखला होता. आणि आतला माणूस नाही. हरिसिंगला आता कळलं की दोन महिने तो चुकीच्या गोष्टीची वाट बघत होता. दोन महिने काय, त्याही आधीपासून. तिचं बोट पाटीवरून फिरून ती शेजारी बसायची तेव्हा ती त्याच्याकडे बघायची का, हे त्यानं आठवून बघितलं. बघायची नाही. समोर काचेकडे बघायची आणि म्हणायची, उशीर केला आज.

त्यानं इंजिन बंद केलं. नेरकडे जाणारी एसटी धूळ उडवत गेली. मग त्याला जे विचारायचं नव्हतं तेच त्याच्या तोंडून आलं.

"कसा हाय तुमचा मालक?"

"चांगला हाय," ती म्हणाली. थोडं थांबून हसली. "बोलते लय. स्टँडवर सगळ्याइले सांगते का बायकोनं बांगडीसारखा नंबर निवडला. मी काही म्हणत नाई."

"काहून म्हणत नाई?"

"त्याले हसू येते ना. हसू द्या." तिनं मांडीवरची साडी हातानं सारखी केली. "मले वाचता येत नाई दादा. या रस्त्यानं दिवसभर गाड्या जातेत. सगळ्या सारख्याच दिसतेत मले. म्हटलं, माहा माणूस कोणत्या गाडीत हाय हे मले दुरून समजलं पाह्यजे. त्या कागदावर सहा होते, पाच माह्या ध्यानात राह्यले नसते. हा एकच राह्यला असता. म्हणून हा घेतला."

एकवीस वर्षं. एकवीस वर्षं त्यानं ती बांगडीची गोष्ट सांगून लोकांना हसवलं होतं, तिच्या तोंडासमोर, आणि तिनं एकदाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं, तर एका परक्याला. हरिसिंगला तिचा हात धरावासा वाटला. धरला असता तर ती दार उघडून उतरली असती, हे त्याला माहीत होतं. तिचा हात असा टीचभर अंतरावर होता आणि त्याला त्याचा हात तिथं नेता येत नव्हता.

ऊन उतरलं. तांड्याकडून शेळ्या परत निघाल्या. ती वळणाकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काळजी यायला लागली होती.

"कधी एवढा उशीर करत नाई," ती म्हणाली.

हरिसिंगनं हात उचलला आणि हॉर्न दाबला. दोनदा.

बसंतीबाईचा चेहरा एकदम उजळला. तिनं पदर डोक्यावर घेतला, केस आत सारले.

"आला," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, जरा घाईनं, "दादा, तुमी उतरा आता. जागा त्याची हाय."

हरिसिंग उतरला. दार लावलं. गाडीच्या मागं गेला. मागच्या पाटीवर तेच चार ठशाचे आकडे होते. तिथं तो उभा राहिला, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घातलं आणि रडला. आवाज होऊ दिला नाही. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं, गाडीला पूर्ण वळसा घातला, लाल पट्टीसमोरून आला, आणि ड्रायव्हरकडचं दार उघडून आपल्या जागेवर बसला.

ती समोर काचेकडे बघत होती.

"उशीर केला आज," ती म्हणाली.

"हो," हरिसिंग म्हणाला. "गाडी बदलली ना."

"चांगली हाय."

त्यानं गाडी सुरू केली आणि दुसऱ्या गिअरमध्येच तांड्याकडे घेतली. आता स्टँडवरच्या सगळ्यांना माहीत आहे की चौऱ्याऐंशीवाले पाचच्या आत सवारी संपवतात आणि फाट्यावर रोज गाडीतून एकदा उतरून परत चढतात. काहून म्हणून कोणी विचारलं, तर ते सांगत नाहीत.